वाळे

शनिवारी सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता शरयू म्हणाली, "उद्या सुट्टी आहे न तुम्हाला? तिलवाऱ्याला जाऊन येऊ." गहू दळून आणायचे आहेत, रॉकेलचा नंबर लागला आहे, हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात ती बोलली आणि पोळ्या लाटायला बसली. नीलकंठनं बशीत ओतलेला चहा बशीतच राहिला. सहा वर्षांत या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तिलवारा हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तसा कुणी मनाई हुकूम काढला नव्हता. पण जबलपूरहून शरयूच्या माहेरी, नागपूरला जायचं तर बस तिलवाऱ्याच्या पुलावरूनच जाते, आणि पूल जवळ आला की शरयू पिशवीत काहीतरी शोधायला लागायची. रुमाल, तिकीट, वेलदोड्यांची पुडी, काहीही. पूल संपेपर्यंत ते सापडायचं नाही. बाकीचे प्रवासी नर्मदेत नारळ टाकायचे, हात जोडायचे, आणि नीलकंठ खिडकीशी बसून आपल्या रुंद पाठीनं नदी जेवढी झाकता येईल तेवढी झाकायचा. नवराबायकोचा हा करार न बोलता झाला होता आणि दोघांनीही तो इमानानं पाळला होता. आता एका बाजूनं तो मोडला होता, तोही सकाळी सात वाजता, पिठाचे हात न धुता.

"काहून?" त्यानं विचारलं. त्याला एवढंच सुचलं.

"तिथल्या मुरमाच्या खाणीत जुन्या काळच्या समाध्या निघाल्या म्हणे. जमिनीखाली. लोक पाहून येऊन राहिले. प्रमोदिनी वहिनी गेली होती परवा, भजनाच्या बायांसंगं." शेजारच्या क्वार्टरमधल्या प्रमोदिनी वहिनींना शहरात कुठं काय निघालं हे पेपराच्या आधी कळायचं. शरयूनं पोळी उलटली. "दगडाच्या खोल्या आहेत म्हणे, अन् आत मडकी. एका मडक्यात लहान मूल आहे. हजारो वर्षं झाली, पण अंगावरचं तसंच्या तसं आहे म्हणे." पोळी फुगली. तिनं ती फडक्यात ठेवली, दुसरी लाटायला घेतली, आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "जाऊ न?"

"जाऊ," नीलकंठ म्हणाला. नाही म्हणायला काही कारण हवं होतं आणि त्याच्याजवळ होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. सायकल काढताना त्याच्या लक्षात आलं की आपण डबा घ्यायचा विसरलो. तो परत आला तर शरयू डबा हातात धरून दारातच उभी होती, जशी ती त्या दिवशी उभी होती, त्याच चौकटीला टेकून. त्यानं डबा घेतला आणि खाली मान घालून निघाला.

एकाहत्तरचा नोव्हेंबर चालू होता. लढाई अजून जाहीर व्हायची होती, पण दारूगोळ्याच्या फॅक्टरीला ती दोन महिने आधीच कळली होती. कॉलनीच्या मैदानात खंदक खणून झाले होते, खिडक्यांना काळे कागद चिकटवून झाले होते, आणि ओव्हरटाइम करून करून माणसं उभ्या उभ्या पेंगायला लागली होती. उद्याचा रविवार हा सात आठवड्यांतला पहिला सुट्टीचा रविवार होता. नीलकंठ तोफेच्या गोळ्यांत दारू भरण्याच्या विभागात होता. तिथं आत जाण्याआधी एक लांबट खोली लागते. तिच्या मधोमध जमिनीवर एक लाल रेषा आहे. रेषेच्या अलीकडे माणसानं आपला संसार उतरवून ठेवायचा आणि पलीकडे बिनखिशाचे पांढरे कपडे, कापडी बूट घालून उतरायचं. लोखंड नाही, पितळ नाही, सोनं नाही, चांदी नाही. काडेपेटीचं तर नावच नको. त्या रेषेवर नीलकंठ चौदा वर्षं उभा होता. आधी झडती घेणारा म्हणून, आणि पुढं सुपरवायझर झाला तरी झडती तोच घ्यायचा, कारण दुसऱ्या कुणाच्या हातांवर त्याचा विश्वास नव्हता. आत प्रत्येक खोलीच्या दारावर किती माणसं मावतात त्याची पाटी होती, आणि पाटीपेक्षा एक जास्त दिसला की हा शांत माणूस असा ओरडायचा की पाटीसुद्धा हलावी.

झडतीचं त्याचं कसब मात्र मऊ होतं. कुणाचा ताईत, कुणाचा चांदीचा करगोटा, कुणाच्या आजीनं दंडाला बांधलेलं काहीबाही, तो ते असं अलगद सोडवायचा की माणसाला आपलं काही गेलं असं वाटू नये. सगळ्यांत अवघड काम नव्या नवऱ्यांच्या अंगठ्यांचं. त्यांच्यासाठी कोनाड्यात साबणाची वडी आणि पाण्याचा गडू कायम ठेवलेला असे. नीलकंठ त्या पोराचा हात हातात घ्यायचा, बोट भिजवायचा, साबण लावायचा आणि "सासऱ्यानं माप पाहूनच दिली दिसते, सुटायलाच नको," असं काहीतरी बोलत बोलत अंगठी सांध्यावरून पार करायचा. या सवयीपायी घरच्या माणसांत त्याची चेष्टाही व्हायची. नागपूरला शरयूच्या चुलतभावाच्या लग्नात नवऱ्या मुलाशी हात मिळवताना याची दोन बोटं त्याच्या अंगठीवर गेली आणि अंगठी फिरवायलाही लागली, तेव्हा सगळा मांडव हसला होता. शरयू सगळ्यांत जास्त हसली होती. तेव्हा बेबी तिच्या पोटात होती.

बेबीचं नाव बारशाला लतिका ठेवलं होतं, पण ते कागदावरच राहिलं. ती अकरा महिन्यांची होती तेव्हा पासष्टचा सप्टेंबर आला, आणि तेव्हाही अशीच लढाई होती, असेच काळे कागद होते. तीन दिवसांचा ताप. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, नदीकाठी पुरतात; आणि बायका तिथं जात नाहीत. शरयूनं तिला न्हाऊ घातलं, काजळ घातलं, फ्रॉक घातला, आणि चौकटीपर्यंत आणून नीलकंठच्या हातात दिलं. ती रडत नव्हती. म्हणाली, "पायातले वाळे काढू नका. रिकाम्या पायानं पाठवू नका तिला." चांदीचे ते वाळे तिच्या वडिलांनी नातीच्या बारशाला आणले होते, प्रत्येकाला दोन दोन घुंगरं. नीलकंठनं मान हलवली. टांग्यात त्याच्याबरोबर मुरलीधर होता, याच विभागातला दोस्त, फावडं घेऊन. सारा रस्ता टांगा हलला की फडक्याच्या आतून घुंगरं वाजायची, आणि दर वेळी नीलकंठला वाटायचं की ती उठली. काठावर, पुराची रेघ जिथं संपते त्याच्या वर, एका अर्जुनाच्या झाडाखाली मुरलीधरनं खड्डा केला. "नीलकंठभाऊ, तुम्ही बसा थोडं. मी फावडं धुऊन येतो," असं म्हणून तो जरा बाजूला गेला.

त्यानंतरचं नीलकंठला आठवत होतं ते इतकंच, की हात पायांपाशी गेले आणि वाळे हातात आले. मग माती, वर दूध, वर एक सपाट दगड. मग टांगा, आणि पाच वाजताची शिफ्ट; लढाईत अर्ध्या दिवसापेक्षा जास्त रजा मागायची कुणाला लाज वाटायची. रेषेवर उभं राहून रोजच्याप्रमाणे त्यानं आधी स्वतःचीच झडती घेतली, आणि खिशातून वाळे निघाले. तो त्यांच्याकडे पाहत राहिला. मागं सतरा माणसं ओळीनं उभी होती. त्यानं ते सुपारीच्या रिकाम्या डबीत घातले, डबी आपल्या नंबरच्या कप्प्यात ठेवली आणि पुढच्या माणसाचा करगोटा सोडवायला घेतला. उद्या सकाळी जाऊन पुरून येऊ, असं त्यानं ठरवलं. उद्या शिफ्ट होती. परवाही होती. मग लढाई संपली, आणि नुसत्या वाळ्यांसाठी लेकराचा दगड पुन्हा हलवायचा हे मनाला पटेना. मग वर्ष झालं. शरयूला सांगायचं तर काय सांगायचं? हाताची सवय, दुसरं काय. ज्या सवयीवर सगळा मांडव हसला होता तीच. सहा वर्षं त्यानं स्वतःला हेच सांगितलं होतं, आणि एकच गोष्ट रोज सांगितली की ती घासून घासून गुळगुळीत होते, हाताला कुठंच टोचत नाही. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. शरयूनं कधी विचारलं नाही की तिथं काय काय केलंत. आणि तिनं विचारलं नाही याबद्दल तो मनातल्या मनात तिचे उपकार मानत आला होता.

त्या शनिवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर त्यानं कप्प्यातून डबी काढली. वाळे सुताच्या गुंत्यात गुंडाळलेले होते आणि इतके काळे पडले होते की चांदी म्हणून ओळखू येऊ नयेत. ते कशासाठी काढले हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. उद्या ती समाध्या बघत असेल तेव्हा आपण हळूच बाजूला व्हावं, अर्जुनाच्या झाडाखाली माती उकरून ते ठेवून यावं आणि सगळं एकदाचं जागच्या जागी जावं, असं काहीसं त्याच्या डोक्यात होतं. बाहेरच्या फाटकावर शिपायानं त्याचा खिसा चाचपला. जन्मभर दुसऱ्यांचे खिसे चाचपणारा माणूस हात वर करून उभा राहिला. "ये क्या है बाबूजी?" शिपायानं डबी उघडली. "बच्ची के हैं," नीलकंठ म्हणाला. "अच्छा, अच्छा! बिटिया के!" शिपाई खुलला. "पॉलिश करा लेना, चमक जाएँगे." त्यानं डबी बंद करून अदबीनं परत दिली. नीलकंठ सायकल हातात धरून चालतच घरी गेला. कुणीतरी सहा वर्षांनी पहिल्यांदा ती आहे असं धरून बोललं होतं, आणि त्याला त्याचं बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली होती.

रविवारी दहाच्या बसनं ते पुलाच्या अलीकडेच उतरले. थंडी नुकती पडायला लागली होती, ऊन अंगाला गोड लागत होतं. शरयूनं फिकट निळं लुगडं नेसलं होतं आणि हातात नेहमीची पिशवी होती, पण आज ती तिच्यात काही शोधत नव्हती. शेतांच्या कडेनं गेलेल्या पायवाटेनं लोकांची ये-जा चालली होती; कुणी डबे घेऊन आले होते, कुणी शेंगा खात परतत होते. जत्रेचं असं रूप आलेलं पाहून नीलकंठला हायसं वाटलं. मुरमाची खाण म्हणजे माळावरचा एक मोठा ओरबाडा होता. रस्त्यासाठी मुरूम काढता काढता मजुरांच्या पहारी एका शिळेवर आपटल्या, शिळा हलवली तर खाली पोकळी, असं सगळं झालं होतं. आता तिथं दोऱ्या बांधल्या होत्या, आणि विद्यापीठातली एक मुलगी धुळीनं माखलेल्या साडीचा पदर खोचून लोकांना खाली नेत होती. शरयूचं मराठी कानावर पडताच ती हसली. "मराठी आहात? मी विनता. बाबा रेल्वेत आहेत इथंच. माझं मराठी म्हणजे असंच हां काकू, घरात समजतं सगळं, बोलायला गेलं की हिंदीच येते."

"बायकांनी गेलं तर चालतं का हो इथं?" शरयूनं विचारलं. तिनं हे अगदी मनापासून विचारलं होतं.

"अहो काकू, खोदलं तर मीच आहे!" विनता म्हणाली. "चलो, या. सांभाळून उतरा, पायऱ्या थोड्या फिसलतात."

मुरमात कापलेल्या सहा पायऱ्या अंधारात उतरत होत्या. नीलकंठ पहिल्या पायरीशी थांबला. "आत किती माणसं चालतात?" त्यानं विचारलं. विनताला प्रश्न कळला नाही. "चार-पाच आरामात," ती म्हणाली. तोवर त्यानं बूट काढले होते, मनगटावरचं घड्याळ काढलं होतं, अंगठी काढली होती, खिशातल्या किल्ल्या आणि काडेपेटी काढली होती आणि सगळं एका सपाट दगडावर ओळीनं मांडलं होतं. विनता गोंधळून पाहत राहिली. "काका, हे मंदिर नाहीये." शरयू म्हणाली, "त्यांची सवय आहे ती. राहू दे." मग नीलकंठचा हात छातीच्या खिशापाशी गेला. तिथं डबी होती. तो एक क्षण थांबला, शरयू पुढं उतरायला लागली होती, आणि डबी तशीच खिशात ठेवून तो तिच्या मागून उतरला. चौदा वर्षांत अंगावर धातू असताना तो असा कुठं आत शिरला नव्हता. आपलं काळीज इतक्या जोरात उडतं आहे याचं त्याला हसूही आलं.

खाली गारवा होता. फॅक्टरीत भरलेले गोळे साठवायच्या खोल्याही अशाच, वरून मातीनं झाकलेल्या. आत असाच ओल्या मातीचा वास, असंच आवाज खाली पडल्यासारखं वाटणं. त्या खोल्यांत नीलकंठला नेहमी शांत वाटायचं आणि इथंही वाटलं. चारी बाजूंना पुरुषभर उंचीच्या उभ्या शिळा, वर एक आडवी. विनतानं कंदील उचलला. एका बाजूला कुणा मोठ्या माणसाची हाडं कुशीवर झोपल्यासारखी होती, उशाशी वाडगी मांडलेली. आणि कोपऱ्यात दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. वरचा अर्धा भाग फुटून पडला होता, त्यामुळे आतलं दिसत होतं. मूल इतकं लहान होतं की ते हाडांचं आहे हे आधी कळतच नव्हतं. गुडघे पोटाशी घेतलेले, डोकं एका मडक्यात, पाय दुसऱ्यात. "वर्षाचंही नसेल," विनता हळू आवाजात म्हणाली. "अडीच-तीन हजार वर्षं, असा अंदाज आहे. पक्का नाही अजून. हे बघा, पायात तांब्याचं कडं आहे. तांब्यामुळे हाडाला हिरवं लागलंय."

शरयू खाली बसली. दळण निवडायला बसावी तशी ऐसपैस बसली. नीलकंठ तिच्या मागं उभा होता, त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मानेवरचे केस दिसत होते. त्या एवढ्याशा पायावर कडं सैल पडलं होतं. ज्याच्यावर घट्ट बसावं ते गेलं होतं आणि कडं तिथंच थांबलं होतं. नीलकंठला वाटलं की आपण तिथून निघून जावं, वरच्या उन्हात जाऊन बूट घालावेत. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच्या पायाशी हात नेले होते आणि कडं तसंच राहू दिलं होतं. त्या माणसाला जमलं ते आपल्याला जमलं नाही. एवढी साधी गोष्ट. छातीवरची डबी त्याला जड वाटत होती.

"याच्या आईनं पाहिलं असेल का हो, ठेवताना?" शरयूनं विचारलं.

"पता नहीं, काकू." विनतानं कंदील खाली धरला. "पण मडकं रोजच्या वापरातलं आहे. खाली बघा, काजळी आहे. चुलीवरचं होतं. म्हणजे घरातल्या कुणी बाईनं स्वैंपाकातलं काढून दिलं असणार न?"

शरयू त्या काजळीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "अन् चांदीचं असतं तर? चांदीचं काय होतं?"

"काळी पडते. पण राहते."

"राहते न," शरयू म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. वर आल्यावर उन्हात तिचा चेहरा त्याला दिसला. तो शांत होता. पुष्कळ दिवस मनात घोळत असलेला एक हिशेब सुटावा तसं तिच्या कपाळावर काही मोकळं झालं होतं. तिनं विनताच्या हातावर पिशवीतला एक बेसनाचा लाडू ठेवला, नीलकंठचं घड्याळ आणि बाकीचं सगळं दगडावरून उचलून त्याला दिलं, आणि मग बसच्या रस्त्याकडे न वळता नदीकडे जाणाऱ्या पायवाटेला लागली. नीलकंठ बुटांचे बंद न बांधता तिच्या मागून गेला.

काठाशी येऊन ती एका दगडावर बसली. पाणी संथ होतं, पलीकडे एक डोंगा उभा होता. अर्जुनाचं झाड तिथून शंभरेक पावलांवर, डाव्या अंगाला होतं. नीलकंठनं तिकडे पाहिलं नाही. "मला पाहायचं होतं, काय उरतं ते," शरयू म्हणाली. "सहा वर्षं मी विचार करून राहिली. रोज नाही, पण कधी भांडी घासताना, कधी असंच. मला वाटायचं काहीच उरत नसेल. आता बरं वाटलं. राहिले असतील. काळे पडले असतील, पण पायात राहिले असतील तिच्या."

आता गप्प बसायचं म्हटलं असतं तर ते अगदी सोपं होतं. तिला बरं वाटलं होतं. हळूच जाऊन डबी पुरून यायची आणि या बाईला तिच्या समाधानासकट घरी न्यायचं, एवढंच करायचं होतं. काल संध्याकाळपासून त्यानं तेच ठरवलं होतं. पण हे समाधान खोट्याच्या पायावर उभं राहील आणि आपल्याला रोज त्याच्याकडे बघत जेवावं लागेल. त्यानं खिशातून डबी काढली, उघडली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

शरयूनं सुताचा गुंता सोडवला. वाळे हातात आले, आणि त्यांच्यातलं एक घुंगरू दबक्या आवाजात वाजलं.

"मीच काढले," नीलकंठ म्हणाला. "तू सांगितलं होतं, तरी काढले. मला कळलंच नाही, शरयू. तुला माहीत आहे न माझे हात. रेषेवर उभं राहून राहून... कुणाच्या अंगावर काही दिसलं की हात आपले आपण जातात. फॅक्टरीत गेलो तेव्हा खिशात सापडले. मग परत यायचं, परत यायचं म्हणता म्हणता राहूनच गेलं. हाताची सवय, दुसरं काही नाही." सहा वर्षं पाठ केलेलं ते भराभर बाहेर आलं आणि संपलं. आता ती ओरडेल, किंवा उठून एकटीच चालू लागेल, असं त्याला वाटलं. तिचा हक्कच होता.

शरयू एक वाळा बोटांत फिरवून पाहत होती. "हे तर घट्ट झाले होते," ती म्हणाली. तिचा आवाज त्याच्यावर रागावलेला नव्हता, तो कुठंतरी मागं गेला होता. "तुम्हाला नसेल आठवत. पोळ्याच्या दिवशी मी चिंचेनं घासायला म्हणून काढायला गेली, तर निघतच नव्हते. साबण लावला, तेल लावलं. रडून रडून घर डोक्यावर घेतलं तिनं. म्हटलं जाऊ दे, मोठी झाली की सोनाराकडून कापून काढू." तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही कसे काढले?"

गुळगुळीत झालेल्या गोष्टीत एकदम काहीतरी टोचलं होतं. हात पायांपाशी गेले आणि वाळे हातात आले, असं झालं नव्हतं. साबण नव्हता, कोनाडा नव्हता. त्यानं तिला मांडीवर घेतलं होतं आणि तो पाण्याच्या कडेला उकिडवा बसला होता. डाव्या तळहातावर तिची टाच धरून त्यानं पाय नर्मदेत बुडवला होता. पाणी गार होतं आणि पायही गार होता. वाळा थोडा थोडा फिरवत, घोट्याच्या हाडापाशी थांबत, अंगठ्यानं कातडी मागं सारत, आणि सबंध वेळ तो तिच्याशी काहीतरी बोलत होता, जसं त्या पोरांशी बोलायचा तसं. हे त्याला आता, या क्षणी, पहिल्यांदा आठवलं. किंवा सहा वर्षं आठवत होतं आणि त्यानं त्याच्याकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं, बसच्या खिडकीशी बसायचा तसं.

"पाण्यात पाय धरला," तो म्हणाला. "बराच वेळ."

"किती वेळ?"

"मुरलीधर फावडं धुऊन, बिडी ओढून, दुसरी बिडी ओढून येईपर्यंत."

"लागलं नाही न तिला?"

"नाही. हळूच काढले. अगदी हळूच, शरयू."

ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली. जाड बोटांचे, नखांच्या कडा पिवळ्या पडलेले हात. मग तिनं आपला हात त्यांच्यावर ठेवला. "सवयीला एवढा वेळ लागत नाही," ती म्हणाली.

नीलकंठ रडला. पासष्टमध्ये रडायचं राहून गेलं होतं, पाच वाजताची शिफ्ट होती. आता पलीकडच्या डोंग्यातला माणूस बघत होता तरी तो थांबला नाही, आणि शरयूही रडत होती, पण तिच्या रडण्यात काहीतरी निवांत होतं. सहा वर्षं तिला वाटत आलं होतं की हा माणूस लेकीला मातीत ठेवून सरळ कामावर गेला. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग आपलं. एक वाळा तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. दुसरा तिनं त्याच्या छातीच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

"फॅक्टरीत चालणार नाही," तो म्हणाला.

"सकाळी माझ्याजवळ देत जा. संध्याकाळी आले की घेत जा." ती उठली. तिनं काठावर दोन्हीकडे नजर टाकली, आणि न चुकता डाव्या अंगाला पाहिलं, जणू त्याच्या न पाहण्यानंच तिला दिशा कळली होती. "ते झाड?"

"तेच. दगड असेल अजून."

ती चालायला लागली. अर्जुनाच्या सावलीची कड जिथं जमिनीवर पडली होती तिथं नीलकंठ थांबला, खाली वाकला आणि बुटातून पाय काढायला लागला; मग त्याचा हात आपोआप घड्याळाच्या पट्ट्याकडे गेला, मग खिशाच्या बटणाकडे. सावलीत पुढं गेलेली शरयू मागं वळली.

"राहू द्या," ती म्हणाली. "असेच या."